कापसाच्या दुसऱ्या टोकाची गावं

डार्वेन हे गाव इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला, दोन्ही बाजूंनी माळरानाच्या टेकड्या असलेल्या एका चिंचोळ्या खोऱ्यात आहे. गावात कुठूनही शिरा, एक चिमणी दिसतेच. गिरणीची चिमणी म्हटलं की आपल्याला लालबाग-परळचे गोल, निमुळते मनोरे आठवतात. ही तशी नाही. चौकोनी आहे, विटांची नक्षी आहे, वर कोरीव सज्जा आहे. इटलीतल्या जुन्या घंटाघरांच्या धर्तीवर ती मुद्दाम तशी बांधून घेतली होती. उंची ३०० फुटांच्या वर. १८६७ साली ती पुरी झाली, आणि ज्या गिरणीसाठी ती उभारली तिचं नाव इंडिया मिल.

ब्लॅकबर्नच्या या पट्ट्यातल्या मागांवर विणलेलं कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात जायचं. साधं पांढरं कापड आणि धोतरं. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड परदेशी विकलं, त्यातलं ३०० कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. म्हणजे या ओल्या, धुरकट खोऱ्यांतल्या बायकांनी विणलेलं धोतर नेसून आमच्या वऱ्हाडातला माणूस बाजाराला जात होता, आणि त्याच बाजारात तो जो कापूस विकत होता त्यातला काही पुन्हा इकडे येत होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. घरी कापूस. आईचे वडील पुलगावच्या कॉटन मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. कापूस मी लहानपणापासून दोन्ही रूपांत पाहिला, बोंडातला आणि मागावरचा. नोकरीच्या निमित्ताने लँकेशायरमध्ये आले तेव्हा या गावांशी आपलं काही नातं असेल असं मनातही नव्हतं. आता इथून हलावंसं वाटत नाही.

या गावांची ठेवण एकसारखी आहे. खाली नदी किंवा कालवा, त्याच्या काठाला गिरणी, गिरणीला लागून दगडी घरांच्या रांगा. एकाच भिंतीत दोन घरं, पुढचं दार थेट रस्त्यावर, मागे फरशीचं इवलंसं अंगण. मग एक चॅपल, एक सहकारी दुकान, एक वाचनालय. लिव्हरपूलच्या गोदीत उतरलेल्या गासड्या लीड्स-लिव्हरपूल कालव्यातून ब्लॅकबर्न आणि बर्नलीपर्यंत यायच्या. १२७ मैलांचा हा कालवा १८१६ साली पुरा झाला, आणि बर्नली गावातून तो उंच बांधावरून जातो, घरांच्या छपरांच्या पातळीवर. त्या बांधावर उभं राहिलं की सगळी बर्नली पायाखाली पसरलेली दिसते. पूर्वी तिथून चिमण्या मोजायचा पोरांचा खेळ असायचा म्हणे.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. ऐंशी कधीच उलटली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि लगेच त्या आईच्या शेजारच्या मागावर शिकायला उभ्या राहिल्या. मग चार माग एकटीने सांभाळायला लागल्या. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात मी लोकरीचा गुंता सोडवत बसले होते. धागा तुटला. मी दोन टोकं जुळवून साधी गाठ मारणार, तेवढ्यात त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. एक टोक दुसऱ्यावर आडवं टाकून डाव्या अंगठ्याखाली दाबलं, लांब धागा अंगठ्याच्या नखाभोवती फिरवून दोन टोकांच्या मधून आणला, एक टोक त्या फासात वाकवलं आणि ओढलं. मला कळायच्या आत झालं. गाठ इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागेना. “मोठी गाठ फणीत अडकते,” त्या म्हणाल्या, “मग धागा पुन्हा तुटतो, आणि तुटलेल्या धाग्याचे पैसे कोण देणार?” त्यांचे सांधे संधिवाताने सुजलेले आहेत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. गाठ मारताना मात्र बोटं पंधरा वर्षांच्या मुलीची होती. माझे आजोबा संक्रांतीला मांजा तुटला की हीच गाठ मारून द्यायचे. मी त्यांना कधी विचारलंच नाही की ही शिकलात कुठे. पुलगावच्या साचेखात्यात, दुसरीकडे कुठे!

विणकाम खात्यातला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून समजत नाही. शेकडो धोटे, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे लाकडी तुकडे, मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारत एका बाजूने दुसऱ्या बाजूवर आदळतात. तिथे ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून इथल्या बायकांनी ओठांची एक बोलीच तयार केली होती. तिला मी-मॉ म्हणतात. ओठ मोठ्ठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही, गरज पडेल तशी हातांची जोड द्यायची. खात्याच्या एका टोकाला उभी असलेली बाई दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीला नवऱ्याचं गाऱ्हाणं सविस्तर सांगू शकायची. घरी आल्यावरही सवय सुटायची नाही. बाळंतपण, आजारपण, कुणाचं लफडं, असे विषय निघाले की आवाज बंद आणि ओठ सुरू, मुलांना कळू नये म्हणून. शेजारच्या आजी आजही बसमधून फुटपाथवरच्या ओळखीच्या बाईशी काचेआडून गप्पा मारतात. आता समोरून तसं उत्तर देणाऱ्या फार कमी राहिल्या आहेत.

आवाजाने कान गेले, कापसाच्या तुसाने फुप्फुसं गेली. आणि दात गेले ते धोट्यामुळे. जुन्या धोट्यात नवी कांडी घातली की सूत बाहेर काढण्यासाठी त्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने ओढायचं. त्याला इथे धोट्याचा मुका घेणं म्हणत. एकाच धोट्याला दिवसभरात अनेकींची तोंडं लागायची. रोग पसरायचे, तेल आणि धूळ पोटात जायची. या प्रकारावर बंदी यायला १९५२ उजाडावं लागलं. इतकं साधं काम, आणि बंदीला इतकी वर्षं. हे वाचलं तेव्हा माझा संताप संताप झाला होता, अजूनही होतो.

या गावांच्या आठवणींचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं ते त्यांच्या बारकाईचं. पहाटे लांब काठीच्या टोकाला तार बांधून वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करणारा माणूस होता. आठवड्याचे काही पेनी घेऊन तो अख्खी गल्ली उठवायचा. मग लाकडी तळव्याचे, लोखंडी नाल मारलेले बूट घालून माणसं निघायची, आणि फरसबंद रस्त्यावर त्या बुटांचा असा काही खडखडाट उठायचा की भोंग्याची गरजच नव्हती असं आजी म्हणतात. उंबऱ्याच्या दगडी पायरीला बायका शुक्रवारी खास दगड घासून पांढरी किंवा पिवळट कड काढायच्या. भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात तो दगड द्यायचा. ज्या घराच्या पायरीला कड नाही त्या घराबद्दल गल्ली काय बोलायची ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सडा-रांगोळीवरून जे बोललं जायचं, तेच.

आणि वर्षातून एकदा वेक्स वीक. अख्खं गाव एकाच आठवड्यात सुटीवर. गिरणी बंद, बॉयलर साफ करायला उघडा, दुकानं बंद, आणि सगळे आगगाडीने ब्लॅकपूलला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, त्यामुळे ब्लॅकपूलच्या घरमालकिणींना उन्हाळाभर गिऱ्हाईक. या सुटीचे पैसे मिळायचे नाहीत. हक्काच्या पगारी रजेचा कायदा १९३८ चा. तोवर लोक वर्षभर दर आठवड्याला क्लबात थोडे थोडे पैसे टाकून ती सुटी विकत घ्यायचे. गंमत अशी की ब्लॅकपूललाही शेजारी तेच, फक्त समुद्रकिनाऱ्यावर.

शनिवारी दुपारी गिरण्या सुटायच्या, म्हणून या गावांत क्रिकेट रुजलं. एकेका गिरणीगावाचा क्लब जगातला मोठा खेळाडू पगार देऊन आणायचा. नेल्सन या गावाने १९२९ मध्ये वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनना आणलं. ते पुढे तिथे घर करून बरीच वर्षं राहिले. आपल्या विनू मंकडांचा १९५२ चा करार हॅसलिंग्डनशी होता. लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्या गावाने त्यांना मोकळं केलं आणि त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. त्या कसोटीच्या गोष्टी आमच्या घरी मामा रंगवून सांगायचा, पण हॅसलिंग्डन म्हणजे एक सुतगिरण्यांचं खोरं आहे, आणि मंकड खेळायचे ते शनिवारी दुपारी मागावरून सुटून आलेल्या माणसांपुढे, हे त्या गोष्टीत कधी नव्हतं.

बर्नलीच्या वेशीवर हार्ल साइक नावाच्या वस्तीत क्वीन स्ट्रीट मिल आहे. १८९० च्या दशकात गावातल्याच लोकांनी भागभांडवल घालून उभी केलेली. वाफेवर चालणारी, मागांची अशी गिरणी जगात आता ही एकच उरली आहे. खाली इंजिनघरात ५०० अश्वशक्तीचं इंजिन. पहिल्या महायुद्धानंतर त्याचं नाव बदलून ‘पीस’ ठेवलं, शांतता. पितळ घासूनपुसून लखलखीत, चाकाचा घेर खोलीच्या छतापर्यंत. ते फिरलं की वर दातेरी काचेच्या छपराखाली शेकडो मागांचे पट्टे हलायला लागतात. काचा सगळ्या उत्तरेकडे तोंड केलेल्या, म्हणजे उजेड येतो पण ऊन थेट धाग्यावर पडत नाही. मी गेले होते तेव्हा थोडेच माग चालवून दाखवले. तेवढ्यानेच छातीत धडधडलं. मला आजोबा आठवले. घरात ते इतक्या मोठ्याने का बोलायचे, आणि आजी त्यांच्यावर “गावाला ऐकू जातंय हो” म्हणून का चिडायची, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं.

ही गिरणी १९८२ च्या मार्चमध्ये बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला होता. पाट्यावरचं ते वर्ष वाचून मी इंजिनघराच्या पायऱ्यांवर बसले. सातासमुद्रापलीकडची दोन गिरणगावं एकाच हिवाळ्यात, वेगवेगळ्या कारणांनी, थांबली. फरक पुढचा. इथे त्या गिरणीला संग्रहालय केलं. मध्यंतरी पैशांअभावी तेही बंद करायचा घाट घातला गेला, लोक भांडले. काळाचौकीतल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची चर्चा मात्र आपण इतकी वर्षं चालवली की त्या गिरण्यांत काम केलेली बरीच माणसं तोवर गेली. मला याचं वाईट वाटतं. साचा कसा चालायचा हे दाखवायला साचाही हवा आणि साचेवालाही हवा.

इथल्या इतिहासात एक प्रकरण असं आहे जे सगळ्यांना ठाऊक असतं, शाळकरी पोरांनाही: कापसाचा दुष्काळ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरचा कापूस थांबला. १८६२ च्या अखेरीस पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरीविरुद्धच्या तुमच्या लढ्यात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. सगळ्या लँकेशायरचं तसं मत नव्हतं, हे खरं. पण उपाशीपोटी असं पत्र लिहिणारी माणसं होती, आणि लिंकनने त्यांना उत्तर दिलं. मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे तो त्यासाठी.

बेकार विणकरांना काम द्यायला १८६३ मध्ये कायदा झाला. बागा, गटारं, रस्ते. ओल्डमचं अलेक्झांड्रा पार्क त्यातलंच. रॉचडेलच्या वर रूली मूर नावाच्या माळावर एक फरसबंद रस्ता जातो, त्याला आजही कापूस-दुष्काळाचा रस्ता म्हणतात. वाऱ्याने डोकं उडून जाईल अशी ती जागा आहे. ज्यांच्या बोटांना फक्त सुताची सवय, त्यांनी तिथे दगड वाहिले. मी त्या रस्त्यावरून चालताना आई सांगायची ते ७२ च्या दुष्काळातलं खडी फोडणं मनात होतं. स्टेलीब्रिजमध्ये तर १८६३ च्या मार्चमध्ये दंगा झाला, कारण मदत रोख न देता चिठ्ठ्यांवर द्यायचं ठरलं. कोणत्या दुकानातून काय घ्यायचं हे दुसऱ्याने ठरवावं, हे लोकांना सहन झालं नाही.

आणि आमचा कापूस या गोष्टीत येतो तो इथे. अमेरिकेचा थांबला तेव्हा मुंबईहून लिव्हरपूलला गासड्यांवर गासड्या आल्या. मुंबई इलाख्यातून आलेल्या सगळ्याच कापसाला इथे ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, सारखा तुटणारा. तुकड्यावर मजुरी असल्याने धागा तुटला की विणकराच्या पोटावर पाय. एका प्रार्थनासभेत कुणी देवाकडे कापूस मागितला तेव्हा मागून एक जण म्हणाला, पण सुरत नको, अशी गोष्ट इथे दीडशे वर्षं सांगतात. ब्लॅकबर्नच्या वाचनालयातल्या एका कार्यक्रमात ती सांगितली गेली आणि सगळे दिलखुलास हसले. मीही हसले. मग घरी येईपर्यंत मला काही केल्या चैन पडेना.

कारण तो कापूस कुणी वेचला, तो एकदम इतका कुठून आला, त्याचं पुढे काय झालं, हा भाग या आठवणींत कोराच आहे. धोट्याच्या भोकापर्यंतचं सगळं या गावांना पाठ आहे. धोट्यातल्या सुताचं रान कुठलं, ते माहीत नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. कुणी सांगितलंच नाही. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा महापूर आला. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअर चढायचे, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला सगळा डोलारा आडवा झाला. वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत फाटा नेला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाने कापसाला भाव लागायला लागला. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. आणि शतकाच्या शेवटी छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा याच सुपीक, काळ्या मातीच्या वऱ्हाडात माणसं भुकेने मेली.

लहानपणी मी शकुंतलेतून मूर्तिजापूरला जायची. नॅरोगेजची ती गाडी कापसाच्या वाहतुकीसाठीच एका ब्रिटिश कंपनीने टाकली होती, आणि तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं. १९९४ पर्यंत ते धावत होतं. आम्ही पोरं त्यावरचं इंग्रजी नाव अक्षरं जुळवत वाचायचो. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी विचारलं, “शिटी कशी होती गं?” मी तोंडाने वाजवून दाखवली.

कोरेपणा आपल्याकडेही आहे. आपल्या इतिहासात मँचेस्टर म्हणजे एक शत्रू, चेहरा नसलेला. त्याला कारणंही तशीच आहेत. लँकेशायरच्या मालकांच्या दबावाखाली १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला आणि टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवलं. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. तो स्वतः गिरणी कामगार होता. हे विसरायचं नाही. पण त्या लॉरीतलं कापड ज्या बाईने विणलं असेल ती आठवड्याची मजुरी घेऊन पायरीला पांढरी कड काढणारी बाई होती, हेही मला आता विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी मनात ठेवणं जड जातं, तरी दोन्ही खऱ्या आहेत.

बाबू गेनू गेल्यावर वर्षही झालं नव्हतं, तेव्हा गांधीजी डार्वेनला आले. सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले असताना, बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्या लोकांना भेटायला. गिरणीमालकांच्या एका क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाने बोलावलं होतं. गावात निम्मे माग बंद. लोक दगड मारतील अशी भीती होती. त्या भेटीचा एक फोटो जगभर गेला: ग्रीनफील्ड मिलच्या बाहेर ॲप्रन घातलेल्या बायकांचा घोळका, हात उंचावून आनंदाने ओरडतोय, आणि मधोमध पांढऱ्या शालीत गांधीजी, हसणारे, थोडे संकोचलेले. त्यांनी तिथे गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुमच्याकडे ३० लाख बेकार आहेत, आमच्याकडे ३० कोटी माणसं वर्षातले सहा महिने रिकामी असतात, असा हिशेब त्यांनी समोर ठेवला. एक बेकार कामगार उठून म्हणाला की मी हिंदुस्थानात असतो तर हेच बोललो असतो. इतिहासात अशी वाक्यं फार थोडी सापडतात.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही, वाचत गेल्यावर सापडली. १९३१ च्या सुरुवातीला या पट्ट्यात टाळेबंदी झाली. मालकांचं म्हणणं होतं की एका विणकराने चारऐवजी आठ माग बघावेत. तीनच वर्षं आधी, १९२८ मध्ये, मुंबईचा मोठा संप झाला, सहा महिन्यांचा, गिरणी कामगार युनियनचं नाव ज्याने घराघरांत गेलं तो. तिथल्या कारणांपैकी एक हेच: दोन साच्यांवरच्या माणसाला तीन साचे द्यायचे. बर्नलीची बाई आणि लालबागचा साचेवाला एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी भांडत होते, आणि दोघांनाही सांगितलं जात होतं की तुझी भाकरी समुद्रापलीकडचा तो माणूस खातोय.

पुढचं सगळं भराभर झालं. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये बाहेरून येणारं सुती कापड बाहेर जाणाऱ्या कापडापेक्षा जास्त झालं. १९५९ च्या कायद्याने मालकांना माग मोडीत काढायचे पैसे मिळाले. आजींनी स्वतः घणाने माग फोडताना बघितले आहेत. उरलेल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं हवी होती, तिथे मीरपूर, भरूच, सुरतकडची माणसं आली. एकेकाळी हेटाळलेल्या सुरत कापसाच्या गावचीच माणसं शेवटच्या पाळ्या चालवत होती. त्यांचे नातू आज ब्लॅकबर्न-बोल्टनमध्ये दुकानं, दवाखाने चालवतात आणि तीच ठसकेबाज लँकेशायरी बोली बोलतात. त्यांच्या आजोबांच्या आठवणी अजून पुरेशा लिहून ठेवलेल्या नाहीत. हे काम आता झालं नाही तर होणार नाही.

मागच्या वर्षी वाचनालयातल्या स्थानिक इतिहास मंडळाने मला कापसावर बोलायला सांगितलं. मी वेचणीबद्दल बोलले. पहाटेचं दव असताना बायका कमरेला ओटी बांधून रानात शिरतात, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं कशी ओरखडतात, दुपारी गाठोडी डोक्यावर घेऊन घराकडे कशा निघतात. मजुरी किलोवर असते हे सांगितलं. रॉचडेलचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण १८४४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या टोड लेनवर विणकरांनी आणि इतर कामगारांनी सहकारी दुकान काढलं ते एवढ्यासाठी की पिठात भेसळ नसावी आणि वजन खरं मिळावं. आपल्या जिल्ह्यातल्या जिनिंग सोसायट्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत सगळ्यांची मुळं शोधत गेलं तर त्या दुकानाशी पोचतात, हे मला सांगायचं होतं.

बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. ते पूर्वी माग दुरुस्त करायचे. मला वाटलं, धाग्याच्या लांबीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, “वेचलेला कापूस तोलायचं कोण?”

“रानाचा मालक,” मी म्हणाले. “आमच्याकडे माझे बाबा.”

“आणि बायकांना काटा दिसायचा का?”

मी आठवून बघितलं. काटा ओसरीत टांगलेला असायचा, बाबांचं तोंड काट्याकडे, बायका खाली अंगणात. “उंच होता,” मी म्हणाले. “बहुतेकींना वाचता येत नव्हतं.”

ते नुसते मान हलवत राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी एकदमच बोलायला लागल्या. विणलेलं कापड तपासायला एक माणूस असायचा, तो दिव्यावर कापड धरून डाग काढायचा आणि मजुरी कापायचा, आणि डाग खरा होता की नाही हे विणणारीला कधी बघायला मिळायचं नाही. एकीच्या आईचे चार पेनी कापले होते, ते तिला सत्तर वर्षांनंतर जसेच्या तसे आठवत होते. दुसरी म्हणाली, आमच्याकडचा तर पक्का हरामखोर होता. वाचनालय बंद करायची वेळ झाली, दिवे एकेक करून मालवायला सुरुवात झाली, तरी त्या माणसाच्या गोष्टी संपेनात. शेवटी आम्ही सगळ्या बाहेर फुटपाथवर उभ्या राहिलो आणि मी त्यांना आमच्या ओसरीतल्या काट्याचं चित्र कागदावर काढून दाखवलं, कुठे आकडा, कुठे वजनं, आणि बाबा कुठल्या बाजूला उभे राहायचे ते.